दारू सुटली पण मनाला उभारी येत नाही? मग या चुका टाळा

दारू सुटली की बाकी सगळं आपोआप मार्गी लागणार असं घरच्यांना वाटतं आणि पिणाऱ्याला पण तसंच वाटतं, पहिली गडबड इथेच होते. सुरुवातीचे काही दिवस घरात सणासारखे जातात आणि मग हा माणूस सकाळी उठेनासा होतो, आंघोळीचा कंटाळा, फोन सायलेंटवर, आणि बायको विचारते अहो आता तर पीत नाही ना, मग झालं काय? झालं एवढंच की दारूखाली दाबून ठेवलेलं वर आलं. कधी ही उदासी दारूनेच आणलेली असते आणि बंद केल्यावर काही आठवड्यांत ओसरते, कधी ती आधीपासूनच असते आणि दारू तिच्यावरचा घरगुती उपाय असतो. यातलं कुठलं ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना खरं सांगाल तर. लोक सायकिॲट्रिस्टसमोर झोप नाही, भूक नाही सगळं सांगतात आणि रोजची क्वार्टर तेवढी गाळतात. झोपेच्या गोळ्या आणि वर दारू, यात श्वास बंद पडू शकतो हो, लाजायची जागा नाही ही.

दुसरी चूक, रोज भरपूर पिणाऱ्याने देवासमोर शपथ घेऊन घरीच एका झटक्यात बंद करायची. हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येऊ शकते, दोनतीन दिवसांनी भिंतीवर किडे दिसायला लागतात, आणि घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, चला अंगारा लावू. बाहेरचं काही नाही, दारू तुटल्याचा त्रास आहे आणि यात माणूस जातो. आधी डॉक्टर, शपथ नंतर.

आणि ती ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ वाली पावडर भाजीत कालवू नका, प्लीज. त्यात काय असतं कोणाला माहीत, आणि डायसल्फिरामसारखं दारू सोडवायचं औषध पोटात असताना तो बाहेर पिऊन आला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, जिवावर बेततं. वाचला तरी तुमच्या हातचं जेवताना आयुष्यभर संशय घेणार.

आता मीटिंगबद्दल, म्हणजे दारू सोडणारे एकत्र बसून बोलतात ती, कारण इथल्या चुका बाहेरून दिसत नाहीत. अशा मीटिंगा भरवणारं अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, सुरू झालं १९३५ ला, अमेरिकेत, एक शेअर बाजारवाला आणि एक सर्जन, दोघंही बेवडे, एकमेकांशी बोलत बसले त्यातून. आपल्याकडे पुण्यात १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुलंच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं, तिथेही बरे झालेले कितीतरी पेशंट पुढे कार्यकर्ते झाले. कारण साधं आहे, पिणाऱ्याच्या थापा पिणाराच ओळखतो.

पण नवीन माणूस काय करतो, मोजमाप करतो. ‘मी काय गटारात पडलो नव्हतो, माझी नोकरी शाबूत आहे, हे लोक वेगळे.’ उठून गेला. जो थांबतो तो दुसऱ्या खड्ड्यात पडतो, पिण्याचे किस्से. गटारीला काय झालं, हळदीत कोणाची गाडी ठोकली, सगळी खोली हसते, टाळी मिळते, आणि ज्याला टाळी मिळाली तो रात्री तीन वाजेपर्यंत छताकडे बघत पडलाय हे कोणालाच कळत नाही. एवढंच बोला ना, की कालपासून जेवण जात नाहीये आणि घरी सांगायची भीती वाटते. हसू नाही येणार कोणाला, पण चहाच्या वेळी कोणीतरी शेजारी येऊन बसेल, नंबर देईल. तो नंबर घ्या, आणि तलफ आल्यावर लावा, पिऊन झाल्यावर नाही.

मोकळं व्हायचं म्हणजे ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचं असं पण नाही. सुरुवातीला दोनतीन माणसं पुरेत, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशी.

मीटिंगमध्ये कोणीतरी सीनियर हमखास सांगतो, गोळ्या पण व्यसनच, सोडून दे. अजिबात ऐकू नका. डिप्रेशनच्या गोळ्यांचा असर दिसायलाच काही आठवडे लागतात आणि त्या स्वतःहून बंद करणं महागात पडतं. एएचं म्हणणं पण हेच आहे की मेंबरने डॉक्टर व्हायचं नाही. मरायचे विचार येत असतील तर रविवारच्या मीटिंगची वाट बघत बसू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी वेगळा १४४४६ आहे.

राहता राहिली स्लिप. एकदा घेतली की लोक मीटिंगला यायचे बंद होतात, तोंड कसं दाखवू म्हणून, आणि एका पेगचा महिना होतो. घरचे पण दारातच तोंडाचा वास घेतात, मग तो खोटं बोलायला लागतो. वास घेण्यापेक्षा त्याच्या मीटिंगमधल्या मित्राला फोन करा, तो येतो, आणि दारात उभा राहून पहिलं विचारतो, ‘जेवलास का?’