राज्य बदलून नाशिकला बिऱ्हाड करताय? भाड्याच्या घरापासून गाडीच्या नंबरापर्यंत, या चुका टाळा

सुरत, वापी, इंदूर किंवा हैदराबादहून नाशिकला येणारी कुटुंबं घर शोधण्यात जीव ओततात आणि अडकतात कागदात. इथे आल्यावरच्या निम्म्याहून जास्त कामांना एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे नोंदणी झालेला भाडेकरार. उरलेल्या कामांना लागतात जुन्या गावाहून आणायचे कागद, आणि ते तिथून निघण्याआधीच मिळवावे लागतात. ट्रक भरल्यावर आठवले तर पुन्हा तिकडे फेरी ठरलेली.

“अकराच महिने आहेत, नोटरी करून टाकू”

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बऱ्याच राज्यांत अकरा महिन्यांचा करार नोंदणीशिवाय चालतो, म्हणून इथेही चालेल असं लोक धरून चालतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे इथला नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मालक कां-कूं करत असतील तर त्यांना एवढंच सांगा: करार नोंदवलेला नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं आणि ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो. म्हणजे नोंदणीत मालकाचंच हित आहे.

खर्चही फार नाही. मुदतीचं एकूण भाडं आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. समजा भाडं १८,००० आणि डिपॉझिट ६०,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं १,९८,०००, व्याज ५,५००, एकूण २,०३,५००. शुल्क येतं सुमारे ५१० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, शिवाय हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी. हा खर्च कोण देणार आणि एजंटची दलाली किती, हे टोकन देण्याआधी ठरवा.

ऑनलाइन नोंदणीत बहुतेक वेळा अडतं ते अंगठ्यावर. आधारचं बायोमेट्रिक लॉक असेल तर ते आधी उघडा. वयस्कर माणसांचे किंवा हाताने काम करणाऱ्यांचे ठसे बऱ्याचदा जुळत नाहीत, म्हणून डोळ्याचं स्कॅनर असलेला माणूस बोलवा. करारात पती आणि पत्नी दोघांची नावं घाला. एकाचंच नाव असेल तर दुसऱ्याच्या आधारवर पत्ता बदलताना हाच करार कामी येत नाही.

घर दाखवणारा मालक असतोच असं नाही

नाशिकमधले बरेच फ्लॅट पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्यांचे आहेत आणि किल्ली काका-मामांकडे असते. डिपॉझिट देण्याआधी इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), घरपट्टीची पावती आणि वीजबिल, तिन्हींवरचं नाव पडताळा. सही दुसरा कुणी करणार असेल तर त्याच्या नावाचं मुखत्यारपत्र पाहा. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाड्यातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. महिना ५०,००० च्या आतलं भाडं सुटतं हा नियम इथे लागू होत नाही. पगारात घरभाडे सवलत घेणाऱ्यांनी मालकाचा पॅन करारातच लिहून घ्यावा, कारण वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की तो लागतो.

मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटीने मागितलेला ना-वापर आकार मालकानेच भरायचा असतो, आणि तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तो तुमच्या माथी येणार नाही, असं करारात लिहा.

भाग निवडताना

फोटो पाहून गंगापूर रोडला घर घ्यायचं आणि नोकरी सिन्नरजवळच्या मुसळगावला, असं करू नका. मग रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं. सिन्नरकडे जाणाऱ्यांना नाशिकरोड किंवा जेलरोड बरा. अंबड-सातपूरला कामाला असाल तर सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा पाहा. ओझरच्या एचएएलसाठी आडगाव, पंचवटी सोयीची. मधे द्वारका चौक येत असेल तर सकाळी नऊच्या सुमारास एकदा स्वतः गाडी चालवून बघा. आणि रेल्वे स्टेशन नाशिकरोडला आहे, जुन्या शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर.

पाण्याचा प्रश्न मालकाला नाही, वॉचमनला विचारा: मे महिन्यात टँकर किती येतात आणि पैसे कुणाकडून घेतात? गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवीच्या काठाजवळची इमारत असेल तर ती निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरकारने आखलेल्या पूरक्षेत्राच्या, आत आहे का ते पाहा. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याचे डाग असतील तर वेगळं विचारायची गरज नाही.

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पर्वस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. पंचवटी, तपोवन परिसरात घर घेणाऱ्यांनी ही मुदत झाकणारा लॉक-इन (तोवर घर सोडायचं नाही, सोडायला लावायचं नाही अशी अट) दोन्ही बाजूंनी लिहून घ्यावा, नाहीतर ऐन गर्दीत घर खाली करण्याचा तगादा लागू शकतो.

गाडी

दुसऱ्या राज्याची गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नाशिकचा एमएच १५ नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते. चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, हे सगळं तिथेच उरका. दंडाचं एखादं जुनं चलन बाकी असलं तरी एनओसी अडते, म्हणून बाकी चलनं निघायच्या महिनाभर आधी तपासा. इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७ भरायचा आणि गाडीच्या वयानुसार कर पुन्हा भरायचा. त्याची पावती दाखवून जुन्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्याचा पाठपुरावा स्वतः करावा लागतो. गाडी बरीच जुनी असेल तर आधी आकडेमोड करा. तिथेच विकणं बऱ्याचदा परवडतं.

शाळा आणि गॅस

परराज्यातल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. जुन्या शाळेने यूडायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मुलाला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकलंय ना, हे विचारा आणि मुलाचा पेन (कायमचा विद्यार्थी) क्रमांक लिहून आणा. शाळेने नाव सोडलं नाही तर इथला प्रवेश कागदावर होतो, पोर्टलवर होत नाही. मूल नववी-दहावीत असेल तर थांबून विचार करा. वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि अधिवास दाखला लागतो.

गॅसचा सिलिंडर ट्रकमध्ये टाकू नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर व डिपॉझिट परत घ्या आणि इथे नवीन जोडणी करा.

सामान

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालचा मालवाहतुकीचा कागद, लागत नाही. तरी ड्रायव्हरकडे सामानाची सही केलेली यादी आणि तुमच्या बदलीच्या पत्राची प्रत द्या. फोनवर ठरलेलं भाडं पेठच्या किंवा सापुताऱ्याच्या घाटात वाढतं, म्हणून चढ-उतार, मजला आणि लिफ्ट यांसह दर लेखी घ्या आणि मोठा हप्ता सामान उतरल्यावरच द्या.

सामान आत जायच्या आधी रिकाम्या घराचे फोटो काढा: भिंतीची ओल, नळ, गीझर, बाथरूमच्या फरश्या, वीजमीटरचं रीडिंग. ते त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापायचा विषय अकरा महिन्यांनी निघतो, तेव्हा त्या दिवशीची तारीख तुमच्या बाजूने असते.