तालुका वार्ताहर होताय? आधी जाहिरातीच्या आरओवर सही घ्या

दरवर्षी ६ जानेवारीला, 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या दिवशी, आम्ही देवगडची पत्रकार मंडळी त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकरांच्या पोंभुर्ल्याला जातो. परतताना नुकतं पत्रकारितेची पदवी घेतलेलं एखादं पोर गाडीवर मागे बसतंच. 'दादा, जिल्हा आवृत्तीत वार्ताहर व्हायचंय. पगार किती?' पगार नाही रे बाबा. मानधन असतं, त्यात पेट्रोल सुटलं तर नशीब. बाकी पोट जाहिरातीच्या कमिशनवर.

बातमी लिहायला शिकाल. उपसंपादकाची चार वेळा बोलणी खाल्लीत की हात बसतो. मी अडकलो ते दुसरीकडे.

कामाला लागून सहा महिने झाले होते. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघायची होती. त्याचा एक कार्यकर्ता, धंद्याने ठेकेदार, टपरीवर म्हणाला, 'साहेबांचो वाढदिवस आसा, अर्धा पान घाल. पैशाचा मागसून बघूया.' मी हुरळलो. फोटो गोळा केले, कुणाचा मोठा नि कुणाचा छोटा यावरून आलेले फोन सोसले, मजकूर पाठवला. अर्ध्या पानाचे १८,००० रुपये, माझं कमिशन १५ टक्के, म्हणजे २,७००. आरओवर, म्हणजे जाहिरात छापा असं सांगणाऱ्या रिलीज ऑर्डरवर, ग्राहकाची सही घ्यायची राहिली. खाली माझी मात्र होती.

तीन महिन्यांनी कार्यालयाने ती रक्कम माझ्या पुढच्या कमिशनमधून कापायला सुरुवात केली. नीट समजून घ्या: जाहिरात उधारीवर घेतलीत की वसुली तुमची आणि बुडाली तर बुडीतही तुमचंच. २,७०० साठी मी १८,००० ला जामीन राहिलो होतो.

पैसे गेले ते गेले. फास पुढे बसला. पावसात त्याच ठेकेदाराने बांधलेला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला. मोबाईलमध्ये फोटो होते: अलीकडे अर्धा कठडा, पलीकडे छत्र्या घेऊन उभी शाळेची पोरं. इतके महिने फोन न उचलणाऱ्याने त्या संध्याकाळी आपणहून फोन केला. 'तुझा बिल शनवारी देतंय. साकवाचा जरा सांभाळून घे.' मी नाव गाळलं. बातमी लागली, 'साकव वाहून गेल्याने ग्रामस्थांची गैरसोय'. शनिवारी पाच हजार मिळाले, तेवढेच. नाव त्या वाडीला आधीच ठाऊक होतं. तिथली माणसं मला अजून चहा देतात, बातमी मात्र देत नाहीत.

म्हणून सांगतो, शुभेच्छांची जाहिरात रोख. निम्मे आधी, उरलेले अंक निघायच्या आत. सही नाही तर जाहिरात नाही, मग तो तुमचा सख्खा मामा का असेना. त्यापेक्षा वकिलांच्या जमीन-खरेदीच्या जाहीर नोटिसा बऱ्या. आकार लहान, पण पैसे बहुधा हातोहात. 'संबंध सांभाळ' म्हणणारे ज्येष्ठ भेटतील. त्यांच्याकडून कुठला तलाठी कधी भेटतो एवढंच शिका. आणि व्हॉट्सॲपवर आलेली प्रेसनोट तशीच पुढे ढकलायची सवय लावून घेऊ नका. तसले वार्ताहर तालुक्यात ढिगाने आहेत.

ठेकेदाराचं नाव छापायचं तर कार्यादेशाची, म्हणजे काम कुणाला दिलं त्या सरकारी कागदाची, प्रत हातात हवी. ती मागायच्या माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस. बातमी शिळी होईल म्हणाल, तर होऊ दे. साकव काही महिन्याभरात परत बांधला जात नाही.

एवढं ऐकून घाबरला असाल तर घाबरू नका, आपलं पान वाचतात लोक. आमच्याकडे 'आजचे दशावतार' असा रकाना असतो, कुठल्या मंडळाचा प्रयोग कुठल्या गावात ते सांगणारा. एकदा मी त्यात गावाचं नाव चुकवलं. रात्री अकराला फोन. 'आमी मुणग्यात येवन बसलव. नाटाक खय आसा?'