मॉडेल रेल्वेच्या वाघिणीवर मराठवाड्याची धूळ कशी चढवावी

खोक्यातून नुकतीच काढलेली मॉडेल मालगाडी कितीही बारकाईने बनवलेली असली, तरी ती खेळणेच वाटते, कारण परभणी किंवा पूर्णा जंक्शनच्या यार्डात इतकी चकचकीत वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, कोणी पाहिलेली नसते. ऊन, पाऊस, गंज आणि फुफाटा यांच्या खुणा मॉडेलवर रंगाने उमटवण्याला या छंदातली मंडळी ‘वेदरिंग’ म्हणतात. त्यासाठी परदेशी बनावटीची महागडी चूर्णे मिळतात, परंतु इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या दप्तरातले साहित्यही या कामाला पुरेसे आहे.

रंगाला हात लावण्यापूर्वी खरी वाघीण नीट पाहून घ्यावी. फलाटावरून, रूळ न ओलांडता, चार-सहा छायाचित्रे काढावीत आणि प्रत्येक डागाचे कारण शोधावे. परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्राकडे कोळसा नेणाऱ्या उघड्या वाघिणी पाहिल्या, तर काळी भुकटी आतल्या कोपऱ्यांत, वरच्या काठावर आणि बाहेरच्या उभ्या पट्ट्यांच्या बेचक्यांत साचलेली दिसते, तर चाकांच्या सांगाड्यावर ब्रेकच्या झिजेची तांबूस तपकिरी धूळ बसलेली असते. गंज सांध्यांतून आणि ओरखड्यांतून सुरू होऊन ओघळाबरोबर खाली उतरतो. ज्या डागाचे कारण सांगता येत नाही, तो डाग मॉडेलवर काढू नये.

साहित्यात सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या, चारकोल, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि काळा हे ॲक्रिलिक रंग, बर्न्ट सिएना तैलरंगाची एक छोटी ट्यूब, पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली, भांडी घासण्याच्या स्पंजचा तुकडा, इअरबड, दोन जुने मऊ ब्रश आणि मॅट वार्निशचा स्प्रे एवढे असावे. पेस्टल घेताना ऑइल पेस्टल घेऊ नयेत, कारण त्यांची भुकटी होत नाही आणि त्यांचा मेणचट थर मॉडेलवर चिकटून राहतो.

सर्वप्रथम मॉडेल साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे, चाके काढून ठेवावीत आणि बाकीच्या भागावर मॅट वार्निशचा पातळ हात द्यावा. चकचकीत प्लास्टिकवरून भुकटी घसरते, तर मॅट पृष्ठभागाच्या सूक्ष्म खरखरीत ती अडकून बसते. हे काम कोरड्या हवेत, शक्यतो उन्हाळ्यातल्या सकाळी, मोकळ्या जागेत आणि तोंडाला मास्क लावून करावे. माझी पहिली वाघीण मी श्रावणातल्या एका दमट संध्याकाळी फवारली होती. वार्निश वाळता वाळता तिच्यावर दुधासारखी पांढुरकी साय धरली आणि ती साय लपवण्यासाठी पुढे इतका रंग चढवावा लागला, की अखेरीस ती वाघीण यार्डाच्या टोकाला भंगार म्हणून ठेवली.

यानंतर ‘वॉश’, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, द्यावा. बर्न्ट अंबरच्या एका थेंबात किंचित काळा रंग, आठ-दहा थेंब पाणी आणि बोटाच्या टोकाएवढे भांड्यांचे लिक्विड मिसळावे, म्हणजे पाण्याचे मणी न होता रंग फटींत शिरतो. एका वेळी एकच बाजू ओली करावी, मिनिटभर थांबावे आणि ओलसर इअरबडने वरून खाली, नेहमी वरून खालीच, पुसून घ्यावे. सपाट भाग उजळतात आणि रिव्हेटांच्या कडेने मळ राहतो.

गंजाच्या बाबतीत प्रमाणाचे भान फार महत्त्वाचे आहे. ‘एचओ’ या मॉडेल रेल्वेच्या नेहमीच्या मापाचे प्रमाण १:८७ असल्यामुळे मॉडेलवरचा २ मिलिमीटरचा डाग खऱ्या वाघिणीवर सुमारे १७ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ वीतभर होतो. म्हणून स्पंजच्या टोकाला बर्न्ट सिएना लावून तो आधी कागदावर टेकवत जवळजवळ कोरडा करावा आणि मगच कडांवर हलकेच टिपावा. ओघळासाठी तैलरंग सोयीचा पडतो. तो तासभर पुठ्ठ्यावर ठेवल्यास त्यातले जास्तीचे तेल शोषले जाते. मग टाचणीच्या टोकाने ठिपका ठेवावा आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवून चांगला निथळलेल्या सपाट ब्रशने तो एका फटक्यात खाली ओढावा. टर्पेंटाइन काही प्लास्टिकला मऊ करते, त्यामुळे आधी तळाच्या बाजूला चाचणी घ्यावी.

टाकीच्या वाघिणींचे शास्त्र थोडे निराळे आहे. तेलाचा ओघळ झाकणापासून दोन्ही अंगांनी काळा उतरतो. पाण्याचा ओघळ मात्र धूळ धुऊन नेतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणणाऱ्या गाडीसारखे मॉडेल करायचे असेल, तर आधी सगळीकडे धूळ चढवून नंतर ओल्या ब्रशने उभ्या रेघा पुसून काढाव्यात.

आता धुळीकडे वळू. पेस्टलची कांडी पॉलिश पेपरवर घासून भुकटी करावी. काळ्या मातीचा रंग निव्वळ काळा नसतो, म्हणून करड्या पेस्टलमध्ये तपकिरी आणि चिमूटभर चारकोल मिसळावा. मुरुमाच्या धुळीसाठी यलो ऑकर आणि फिकट तपकिरी पुरे होतात. शेतातली खरीच माती वापरण्याचा मोह अनेकांना होतो, पण तिचे कण या प्रमाणात ढेकळांएवढे दिसतात. शिवाय आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली आहे आणि त्यात चुंबकाला चिकटणारे लोहखनिजाचे बारीक कण असतात. कागदात गुंडाळलेला चुंबक वाळल्या मातीतून फिरवला, की त्याच्या टोकाला काळ्या मिशा फुटतात. हेच कण इंजिनाच्या मोटारीत गेले, तर तिथल्या चुंबकावर जाऊन बसतात.

इमारतींना हीच साधने चालतात, फक्त कारणे बदलतात. दगडी स्टेशनाच्या भिंती एकाच काळ्या रंगाने भरू नयेत, तर काही दगड पेन्सिलीने निळसर करडे आणि काही तपकिरी करावेत. चुन्याच्या भिंतीचे पोपडे पायाजवळच्या ओलीपाशी अधिक दाखवावेत आणि गेरूच्या पट्ट्यावर मातीचे शिंतोडे उडवावेत. मालधक्क्याच्या पत्र्यांवर गंज खिळ्यांच्या भोकांपासून आणि दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथून सुरू करावा. कोकणातल्या स्टेशनाचे छायाचित्र समोर ठेवून हिरवे शेवाळ फासणे मात्र टाळावे. आपल्याकडे ते पन्हाळाच्या तोंडाशी चिमूटभर शोभते. जिन्याच्या कोपऱ्यात पानाची पिंक काढायची हौस असेल, तर ती जमिनीपासून ११ मिलिमीटरच्या, म्हणजे सुमारे मीटरभर उंचीच्या, आत ठेवावी.

शेवटी वार्निशचा हात दुरून आणि अगदी हलका द्यावा. वार्निशखाली फिकट पेस्टल जवळजवळ नाहीसे होते, त्यामुळे धूळ आधीच थोडी जास्त चढवावी किंवा वार्निश वाळल्यावर पुन्हा एकदा झटकावी. ही शेवटची धूळ पक्की नसते, म्हणून वाघीण पुढे तळाला धरूनच उचलावी. चाकांच्या बाहेरच्या तोंडाला तपकिरी रंग द्यावा, पण रुळावर टेकणारा भाग आणि आसाची टोके कोरी ठेवावीत. तिथे चुकून रंग लागलाच, तर इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पुसावा, मात्र चाके वाघिणीत बसवण्याआधी, कारण अल्कोहोलचा थेंब मॅट वार्निशवर पडला, तर तिथेही पांढरा डाग उमटतो.