एकच नाव, तीन आयडी: माझा अनुभव

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेमसाठी रूनलाइटचं (तो गेम खेळायच्या एका क्लायंट प्रोग्रामचं) छोटं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लिहीत होतो. काम एवढंच, की गेममधली बँक (साठवणीची जागा) आणि इन्व्हेंटरी (सोबतची पिशवी) मिळून वस्तू मोजायच्या. पण नावावरून आयडी (वस्तूचा क्रमांक) शोधला की 'अबिसल व्हिप' या शस्त्राला कधी ४१५१ मिळायचा, कधी ४१५२. दुसरा त्याच वस्तूच्या नोटचा, म्हणजे वस्तूऐवजी मिळणाऱ्या कागदी रूपाचा. बँकेतल्या प्लेसहोल्डरचा (वस्तू काढल्यावर तिची जागा राखणाऱ्या खुणेचा) आयडी आणखी तिसराच, आणि नाव तिन्हींचं तेच!

उपाय रूनलाइटच्या आयटममॅनेजर या क्लासमध्येच होता: कॅनॉनिकलाइझ हे फंक्शन. नोटचा किंवा प्लेसहोल्डरचा आयडी दिला, तरी मूळ वस्तूचाच परत येतो. सगळे आयडी त्यातून काढले, मग नावांचा तक्ता केला. नावावरून शोधणारा तयार सर्चही आहे, पण तो ग्रँड एक्स्चेंजवर (गेममधल्या बाजारात) विकता येणाऱ्या वस्तूंपुरताच.

तरीही तक्त्यात एका नावासमोर एकच आयडी न ठेवता आयडींची यादीच ठेवा. सोप्या क्लू स्क्रोलचं (खजिन्याच्या शोधाचं कोडं असलेल्या गुंडाळीचं) पाहा ना, एकाच नावाखाली ढीगभर आयडी, आणि ते सगळे खरे.