लिनक्सचा जीपीआयओ इंटरफेस बदलताना या चुका टाळा

‘कर्नल अपडेट केला आणि रिले चालेना’ अशी तक्रार आली (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच) की मी आधी एकच विचारतो: कोडमध्ये जीपीआयओ पिनचा, म्हणजे प्रोग्रामनं चालू-बंद करता येते त्या पिनचा, आकडा थेट लिहिलाय का? उत्तर बहुधा ‘हो, मग?’ असंच येतं.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पिन चालवायची जुनी रीत म्हणजे सिसएफएस, कर्नलनं फाईलींच्या रूपात मांडलेलं हार्डवेअर. एक्स्पोर्ट फाईलमध्ये 17 लिहा, पिन तुमची. 2016 मध्ये 4.8 कर्नलनं कॅरेक्टर डिव्हाइसचा (डिव्हाइसची फाईल उघडून तिच्याकडे विनंती करायचा) नवा मार्ग दिला आणि सिसएफएसला कालबाह्य ठरवलं. काढून मात्र टाकलं नाही, कारण चालू प्रोग्राम मोडायचे नाहीत हा लिनक्सचा दंडकच आहे. लोकांनी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला, की काहीच बदलणार नाही.

एका पॅकिंग युनिटमध्ये पाउच सील करणारं मशीन होतं, हीटरचा रिले 17 वर. ओएस 6.6 कर्नलवर गेली आणि सील बसेनाच. स्क्रिप्टमधल्या सगळ्या एरर कुणीतरी डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचराकुंडीत, ढकललेल्या, त्यामुळे स्क्रीनवर सगळं आलबेल. पोरांनी हीटर बदलला, मग रिले, मग पॉवर सप्लाय. मी टर्मिनलवर हातानं 17 लिहून पाहिलं, तेव्हा कुठे ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ दिसलं. या कर्नलमध्ये पायच्या पिनांची मोजणी 0 ऐवजी 512 पासून सुरू होते, म्हणजे 17 ची झाली 529. फाईल तीच, रीतही तीच. आकडा कायम राहील असा शब्द कुणी दिलाच नव्हता.

यावर घाईचा उपाय म्हणजे 17 खोडून 529 लिहिणं. म्हणजे पुढच्या अपडेटला पुन्हा तोच तमाशा! मी आकडा लिहीतच नाही. कॅरेक्टर डिव्हाइस वापरणाऱ्या लिबजीपीआयओडी लायब्ररीकडून ‘जीपीआयओ17’ हे लाइनचं, म्हणजे पिनचं, नाव शोधून घेतो. पिना सांभाळणाऱ्या चिपचा क्रमांकही धरून चालत नाही. पाय 5 वर हेडरच्या पिना आधी जीपीआयओचिप4 वर होत्या, नंतरच्या कर्नलमध्ये त्या जीपीआयओचिप0 वर आल्या.

चिपच्या रजिस्टरला (पिना ताब्यात ठेवणाऱ्या मेमरीच्या जागांना) थेट हात घालू नका. पाय 5 वर जीपीआयओ आरपी1 या वेगळ्या चिपवर गेलं आणि असाच थेट हात घालणारी आरपीआय.जीपीआयओ लायब्ररी तिथं बंद पडली.

फाईलमध्ये आकडा लिहिणाऱ्या एको कमांडच्या जागी नुसतं लिबजीपीआयओडीचं जीपीआयओसेट चिकटवू नका. सिसएफएसमध्ये एको संपला तरी पिन तशीच राहते. कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये प्रोग्राम संपून लाइन सुटली की तिच्या अवस्थेची हमी नाही.

आता ड्रायव्हर लिहिणाऱ्यांकडे. कॅरेक्टर डिव्हाइसच्या पहिल्या आवृत्तीत इव्हेंटच्या (पिनची अवस्था बदलल्याच्या नोंदीच्या) स्ट्रक्चरमध्ये 64 बिटांचा टाइमस्टॅम्प आणि 32 बिटांचा आयडी होता. 32 बिट एक्स86 वर हे होतात 12 बाइट, 64 बिटवर शेवटी चार रिकामे बाइट (पॅडिंग) जोडून 16. म्हणजे 64 बिट कर्नलवर 32 बिट प्रोग्राम चालवला की चार बाइटांचा घोळ व्हायचा. स्ट्रक्चर जागच्या जागी बदललं असतं तर चालू प्रोग्राम मोडले असते. म्हणून 5.10 मध्ये दुसरी आवृत्ती शेजारी आणली: पॅडिंग उघड लिहिलेलं, आणि त्यात शून्याशिवाय काही आलं तर विनंती नामंजूर.

नवशिके नेमकी ही तपासणी गाळतात. ‘फील्ड वापरतच नाही ना आत्ता!’ अहो, आज कचरा चालवून घेतलात तर उद्या त्या फील्डला अर्थ देता येणार नाही, कारण तोवर कुणाचा तरी प्रोग्राम त्यात कचरा भरूनच चालत असेल. रिव्ह्यूला ड्रायव्हर आला की मी आधी ही तपासणी शोधतो. नसेल तर पुढचा कोड न वाचताच परत पाठवतो.