डार्क फँटसी रोमान्स वाचून झाली, आता त्यावर लिहायचं कसं?

चवथीच्या सुट्टीत डिचोलीला घरी गेले होते तेव्हा मावसबहिणीने एक जाडजूड डार्क फँटसी रोमान्स, म्हणजे जादूच्या दुनियेतली काळोख्या वळणाची प्रेमकथा, हातात ठेवली, म्हणाली ताई वाच आणि कशी वाटली ते लिहून पाठव, नुसतं 'भारी आहे' असलं नको. दोन रात्रींत संपवली. तिसऱ्या दिवशी लिहायला बसले तर खरंच 'भारी आहे'च्या पुढे ओळ सरकेना, कारण हा प्रकारच असा आहे की रात्री वाचताना जीव गुंततो आणि सकाळी चहा पिताना वाटतं, अगं पण नायकाने तर नायिकेला कोंडून ठेवलं होतं, मग मला तो आवडला कसा? म्हणून परत पहिल्यापासून वाचली, या वेळी पेन्सिल घेऊन, आणि त्यातून जी पद्धत सापडली ती सांगते. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही, या जातीच्या कुठल्याही कादंबरीला ती लागू पडते. गोष्ट साधारण अशी, किनाऱ्यावरच्या गावातली एक मुलगी भावाचा जीव वाचवायला समुद्राखाली बुडालेल्या शहराच्या राजाशी करार करते आणि सात वर्षांसाठी त्याच्या वाड्यात राहायला जाते.

पहिलं काम गोष्ट सुरू व्हायच्या आधीचं. हल्ली यातल्या बऱ्याच पुस्तकांत सुरुवातीला एक पान असतं, आत काय काय आहे ते सांगणारं, हिंसा, कैद, जबरदस्ती, आत्महत्येचा उल्लेख वगैरे, आणि खूप जण ते उलटून सरळ गोष्टीत शिरतात. तसं करू नका. ते वाचा आणि वहीत एक ओळ लिहून ठेवा, यातलं मला काय झेपतं आणि काय नाही. पुढे एखाद्या प्रसंगात तुमचं डोकं फिरलं तर तो प्रसंगच वाईट लिहिलाय की तुमच्या दुखऱ्या जागेवर बोट पडलंय हे त्या ओळीवरून कळतं. आणि कव्हरवरचा मुकुट आणि सोनेरी वेलबुट्टी बघून शाळेतल्या भाचीला असलं पुस्तक गिफ्ट देऊ नका हां, यातली बरीचशी सरळसरळ मोठ्यांसाठी असतात.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे रात्रीचं, उजवीकडे सकाळचं. रात्री वाचताना जे वाटलं ते डावीकडे लगेच, पान नंबरासकट, एका ओळीत, आणि सकाळी तेच पान पुन्हा उघडून जे वाटेल ते उजवीकडे. माझ्या वहीत पान ८७ ला डावीकडे आहे, 'तो रात्रभर तिच्या दाराबाहेर उभा राहिला, किती जीव आहे त्याचा', आणि उजवीकडे आहे, 'पण दाराची किल्ली त्याच्याच खिशात आहे'. या दोन ओळी म्हणजे माझं अर्धं मत तिथेच तयार झालं. उजवीकडचं लिहिलं म्हणून डावीकडचं खोडायचं मात्र नाही. ते पण खरंच होतं, आणि पुस्तकाने ते तुमच्याकडून काढून घेतलं हे लेखिकेचं कसब आहे. पुस्तक लायब्ररीचं असेल, म्हणजे पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीतलं वगैरे, तर त्यात पेन्सिल लावू नका, मी अशा वेळी बसची तिकिटं घालून ठेवते.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या कादंबऱ्यांच्या मुळाशी दोन फार जुन्या कथा दिसतात आणि तुमचं पुस्तक कुठल्या बाजूला झुकतंय ते आधी ओळखा. एक ग्रीकांची, फुलं तोडणाऱ्या पर्सेफनीला पाताळाचा राजा हेडीस रथात घालून घेऊन जातो, तिला कोणी विचारत नाही, आणि डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून तिला दर वर्षी काही महिने परत खाली जावं लागतं. दुसरी फ्रान्समधली, सुंदरी आणि राक्षसाची, जी १७४० मध्ये गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह यांनी लांबलचक लिहिली आणि १७५६ मध्ये ल प्रँस द बोमाँ यांनी आटोपशीर केली. एका गुलाबापायी बापाच्या जागी मुलगी राक्षसाच्या वाड्यात जाते, म्हणजे सुरुवात कैदेचीच, पण बोमाँच्या गोष्टीत तो रोज रात्री तिला विचारतो, माझ्याशी लग्न करशील का, ती नाही म्हणते, तो उसासा टाकतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नंतर ती बापाला भेटायला मागते तर तो तिला घरीही जाऊ देतो. दिसायला भयंकर, पण तिचा नकार त्याला ऐकू येतो.

म्हणून पेन्सिल घ्या आणि नायिका जिथे जिथे 'नाही' म्हणते तिथे फुली मारा, मग तो नकार तोंडाने असो, मान फिरवून असो किंवा नुसतं गप्प राहून. आणि प्रत्येक फुलीशेजारी एक शब्द लिहा, ऐकलं किंवा नाही ऐकलं. बस एवढंच. माझ्या पुस्तकात पहिल्या अर्ध्या भागात अकरा फुल्या आल्या आणि त्यातल्या नऊ ठिकाणी 'नाही ऐकलं', दुसऱ्या अर्ध्यात सहा, आणि त्यातल्या पाच ठिकाणी 'ऐकलं'. म्हणजे राजा बदलतोय हे लेखिकेने नुसतं सांगितलं नाहीये, प्रसंगात दाखवलंय, आणि माझ्या मते तिथेच हे पुस्तक जिंकतं. उरलेली ती एक फुली पान ३१२ वर आहे, आणि तिथे कादंबरी त्याला फार स्वस्तात सोडते, तो नुसतं रडतो आणि ती लगेच माफ करते. डार्क म्हणजे रक्त, काळोख आणि काटेरी सिंहासन नव्हे, एकाच्या हातात सगळी ताकद आहे आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नाही, तिथे प्रेम होतं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न डार्क आहे. तो प्रश्न पुस्तक शेवटपर्यंत धरून ठेवतं का, ते बघा.

जादूची दुनिया तपासायला आपल्याकडे घरचा माल आहे. देवचाराच्या गोष्टी आजीने सांगितल्या नसतील असं गोव्यातलं घर कमीच. रात्री गावाच्या सीमेवर फिरणारा, खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, समोर आला तर पाय लटपटतील, पण वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. आणि त्याचं काय देणं आहे ते ठरलेलं, रोट द्यायचा, विडी द्यायची, बोललेलं विसरायचं नाही, विसरलात तर तो आठवण करून देतो. म्हणजे अंधारातल्या शक्तीचा हिशोब पक्का असतो हे आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे, तर कादंबरीलाही तेच विचारा, करारात नक्की काय ठरलं, किंमत कोण मोजतं, आणि प्रेम झाल्यावर तो करार आपोआप हवेत विरतो का? विरत असेल तर लिहा की विरला.

माझ्या पुस्तकात वाड्याचं दार भरतीला उघडतं, कल्पना फार आवडली, मला लगेच खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधावरचं मानस, म्हणजे खारं पाणी अडवणारं दार, आठवलं, भरतीला पाण्याच्या दाबानेच मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं. पण मग दार रोज संध्याकाळी दिवेलागणीलाच कसं उघडतं? भरतीची वेळ दिवसाला साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते हे मिठागराशेजारी वाढलेल्या कोणालाही माहीत असतं. त्या दुनियेत चंद्र वेगळा असेल तर चालेल, पण मग तसं एका ओळीत सांगायला हवं ना. अशी जागा सापडली की जरूर लिहा, हे तुमच्याच नजरेला दिसलेलं असतं.

नायिकेला त्याच्याशिवाय अजून काही हवंय का, हेही बघा. नसेल तर एक ओळ पुरे.

आता लिहायला बसा. पहिल्याच वाक्यात सांगा हे कोणाला आवडेल आणि कोणी लांब राहावं. गोष्ट पहिल्या पाव भागाच्या पुढे सांगू नका, पण शेवट अर्धवट तुटतो आणि दुसरा भाग वाचावा लागतो एवढं सांगाच, नाहीतर वाचणारा तुम्हाला शिव्या देईल. एनिमीज टू लव्हर्स म्हणण्यापेक्षा 'आधी वैर मग प्रेम' म्हटलं की आईलाही कळतं, मोरली ग्रे म्हणजे 'धड चांगला नाही धड वाईट नाही', स्लो बर्न, म्हणजे हळूहळू फुलणारं प्रेम, मात्र मी तसंच ठेवते, मराठीत केलं की गॅसवर ठेवलेल्या भाजीसारखं वाटतं. स्पाइसबद्दल, म्हणजे शरीरसंबंधाच्या प्रसंगांबद्दल, लाजून गोलगोल लिहू नका. दार लागतं की आपण आतच असतो, किती वेळा, आणि तिची मर्जी स्पष्ट दिसते की धरून चालतात, हे सरळ लिहा, वाचणाऱ्याला नेमकं तेच माहीत करून घ्यायचं असतं आणि विचारायला संकोच वाटतो. डावीकडचं आणि उजवीकडचं दोन्ही घ्या, आणि दोन्ही जुळत नसतील तर जुळवायला जाऊ नका.

मी दीड पान लिहून पाठवलं, सोबत फुल्या मारलेलं पुस्तक. मावसबहिणीने लाल पेन घेऊन पान ३१२ च्या माझ्या फुलीखाली लिहिलंय, 'ताई, ती माफ करत नाहीये, ती दमलीय'. मी ते पान परत वाचलं, आणि ती म्हणते तसंही वाचता येतं. पुस्तक आता म्हापशाला वहिनीकडे आहे, तिला हिरवं पेन दिलंय.