दोन केबल, वेग एकीचाच: सर्व्हरवर बाँडिंग करताना या चुका टाळा

सर्व्हरच्या मागे नेटवर्कचं दुसरं पोर्ट रिकामं दिसलं की हात शिवशिवतात. दोन्हीकडे केबल लावायची, लिनक्सवर बाँड (दोन्ही पोर्ट मिळून एकच जोडणी) बनवायचा आणि १ गिगाबिटचे २ झाले म्हणून खूश व्हायचं. मग रात्री बॅकअप सुरू होतो आणि कॉपीचा आकडा सेकंदाला ११०-११२ मेगाबाइटच्या वर हलत नाही. सकाळी फोन: "बाँडिंग चालत नाहीये."

चालतंय की. एसटी स्टँडवर तिकिटाच्या दोन खिडक्या असल्या तरी तुमचं तिकीट एकाच खिडकीवर निघतं. एका कनेक्शनची पॅकेटं पुढेमागे पोचू नयेत म्हणून बाँड ती सगळी एकाच केबलवरून पाठवतो. कोणती केबल, ते हॅशवर, म्हणजे पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावर ठरतं. खरी मेख इथे आहे. लिनक्सच्या बाँडिंगमध्ये हॅशची पॉलिसी मुळात 'लेअर २' असते, म्हणजे तो फक्त नेटवर्क कार्डाचा पत्ता असलेला मॅक अ‍ॅड्रेस बघतो. तुमचे वापरणारे राउटरच्या पलीकडे असतील, तर सर्व्हरला सगळ्यांचा मॅक एकच दिसतो, गेटवेचा, म्हणजे त्या राउटरचा. शंभर माणसं जोडलेली असोत, बाहेर जाणारा सगळा डेटा एकाच केबलवर आणि दुसरी निवांत. पॉलिसी 'लेअर ३+४' केली की आयपी आणि पोर्ट नंबरही (हे पोर्ट कनेक्शनचे, केबलचे नव्हेत) धरले जातात आणि वाटणी बरी होते. पण ही झाली सर्व्हरकडून निघणाऱ्या डेटाची. येणारा डेटा कोणत्या केबलवर टाकायचा ते केबलच्या दुसऱ्या टोकाचा स्विच ठरवतो. त्याची सेटिंग स्विचवरच बदलावी लागते, आणि तिकडे बघायचं हमखास राहून जातं.

तपासताना आयपर्फ या वेग मोजणाऱ्या टूलचा एकच प्रवाह चालवून निकाल लावू नका. आठ-दहा प्रवाह एकदम सोडा, जमलं तर दोन-तीन मशीनवरून.

बाँडने केबल कशा वापरायच्या त्याचे क्रमांकवार मोड असतात. कोणीतरी सांगेल, "मोड ० लाव, राउंड रॉबिन, एकाच कनेक्शनला दुप्पट वेग मिळतो." त्यात पॅकेटं आळीपाळीने दोन्ही केबलवर जातात आणि पलीकडे क्रम चुकवून पोचतात. डेटा नीट पोचवण्याचं काम बघणाऱ्या टीसीपीला वाटतं मधलं पॅकेट हरवलं, मग तो तेच पुन्हा पाठवतो आणि स्वतःचा वेगही कमी करतो. मी याच्या वाटेला जात नाही. एकाच कामाला खरोखर जास्त वेग हवा असेल तर १० गिगाबिटचं कार्ड घ्या.

काहींना दिसतो, काहींना नाही

अर्धी मशीन सर्व्हरला पिंग करतात, अर्धी नाही, असं दिसलं की मी आधी दोन टोकांचे मोड जुळतात का ते बघतो. सर्व्हरवर मोड ४, म्हणजे ८०२.३एडी, ज्यात दोन्ही टोकं एलएसीपी या प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलतात. स्विचवर मात्र कोणीतरी पोर्ट चॅनेल (स्विचकडचा बाँड) 'ऑन' करून ठेवलेलं, म्हणजे एलएसीपी नाहीच. स्विच दोन्ही केबलवर माल टाकतो, सर्व्हर एकच केबल खरी मानतो आणि दुसरीवर आलेलं फेकून देतो. 'प्रॉक'मधल्या 'नेट'च्या आत 'बाँडिंग' फोल्डर असतं, त्यातली 'बाँड०' फाइल उघडा. पार्टनरचा मॅक सगळा शून्य दिसला तर समोरचा एलएसीपी बोलत नाहीये. दोन पोर्टांचे अ‍ॅग्रिगेटर आयडी (पोर्ट कोणत्या गटात ते सांगणारा क्रमांक) वेगळे दिसले तर केबल चुकीच्या पोर्टात आहे, किंवा स्टॅक अथवा एमलॅग (दोन स्विच एकासारखे वागवण्याच्या पद्धती) नसलेल्या दोन सुट्या स्विचमध्ये विभागली आहे. सुटे स्विचच वापरायचे असतील तर मोड १, अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक केबल चालू, दुसरी राखीव), पुरतो. त्यात स्विचवर काहीच करायचं नसतं. तिथे उत्साहाने पोर्ट चॅनेल बनवणं हीसुद्धा चूकच.

केबल तुटली, पण बाँडला कळलंच नाही

नेटप्लॅनमध्ये (उबंटूतली नेटवर्क सेटिंगची पद्धत) एमआयआय तपासणीचा, म्हणजे केबल जिवंत आहे का ते बघण्याचा, कालावधी लिहिला नाही तर तो ० धरला जातो, म्हणजे तपासणी बंद. जुन्या बाँडिंग ड्रायव्हरमध्येही तेच. मोड १ मध्ये चालू केबल तुटते आणि बाँड तिच्यावरच डाटा ओतत बसतो. १०० मिलिसेकंद लिहून टाका.

तेवढ्याने सगळं भागत नाही. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलला फायबर जोडणारा डबा) असेल तर पलीकडची फायबर तुटूनही सर्व्हरच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहू शकतो. मोड १ मध्ये यावर उपाय एआरपी तपासणी: गेटवेला ठराविक वेळाने विचारत राहायचं. मोड ४ मध्ये ती चालत नाही, तिथे एलएसीपीच हे काम करतो. पण 'स्लो' दराने त्याचा संदेश ३० सेकंदांनी येतो आणि तीन चुकले की मगच केबल बाद होते. म्हणजे ९० सेकंद निम्मी कनेक्शनं लटकतात, निम्मी मजेत चालतात, आणि तक्रार येते "कधी चालतं, कधी नाही". 'फास्ट' केलं की १ सेकंदाचा संदेश आणि ३ सेकंदांत निकाल.

केबल काढताना काही झालं नाही, परत लावताना बंद पडलं, असंही होतं. मोड १ मध्ये 'प्रायमरी' केबल ठरवलेली असली की ती आल्या क्षणी बाँड तिच्यावर उडी मारतो. स्विचचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वळसे पडू न देणारी व्यवस्था) मात्र ते पोर्ट साधारण ३० सेकंद अडवून धरतो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही अडवणूक टाळणारी सेटिंग) लावा, नाहीतर सर्व्हरवर अपडिले (परत आलेली केबल वापरण्याआधी थांबायचा वेळ) वाढवा.

दोन्ही केबल एकाच कार्डात आणि एकाच स्विचमध्ये असतील तर वाचते ती फक्त केबल, एवढं ध्यानात असू द्या.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका ठिकाणी बाँड लावून दिला, सगळं सुरळीत. पुढे कधीतरी एक केबल मेली. बाँडने इमानेइतबारे दुसरीवर काम चालू ठेवलं, म्हणून कोणालाच कळलं नाही, मलाही नाही. मग रॅकची साफसफाई करताना एकाने दुसरी पॅच कॉर्ड हलवली आणि भर दुपारी सर्व्हर गायब. 'बाँड०' फाइलमध्ये पहिली लिंक डाउन म्हणून केव्हाची नोंदलेली होती. मी बघितलं नव्हतं. आता मॉनिटरिंगमध्ये प्रत्येक पोर्टवर स्वतंत्र अलर्ट ठेवतो, नुसत्या बाँडवर नाही.

आणि बाँड सोपवण्यापूर्वी केबल हाताने ओढतो. कमांडने इंटरफेस बंद करणं म्हणजे केबल तुटणं नव्हे. पिंग चालू ठेवायचं, पहिली काढायची, परत लावायची, मिनिटभर थांबायचं, 'बाँड०' फाइलमध्ये दोन्ही 'अप' दिसल्यावरच दुसरीला हात घालायचा. हे करताना कन्सोल (या नेटवर्कशिवाय सर्व्हर हाताळायची वाट) उघडा असावा, नाहीतर एसएसएच (नेटवर्कवरून केलेलं लॉगिन) तुटल्यावर जिना चढून सर्व्हर रूम गाठावी लागते.